अहो, आमच्यावर पुस्तकं आहेत!

अहो, आमच्यावर पुस्तकं लिहिलेली आहेत! आमच्यावर म्हणजे पेपर विकणाऱ्यांवर, तालुक्याच्या वार्ताहरांवर, चहाच्या टपरीवर एका अंकाची पानं चौघांत वाटून घेणाऱ्यांवर, रेडिओला कान लावून बसणाऱ्या शेतकऱ्यांवर, भर समुद्रातून फोन करून भाव विचारणाऱ्या मच्छीमारांवर! आणि ही पुस्तकं लिहिणारी माणसं एकेकटी नाहीत. त्यांचा जगभर पसरलेला एक गोतावळा आहे. कुणाचं नवं पुस्तक आलं, कुणाचा निबंध छापून झाला, पुढची परिषद कुठल्या देशात, हे ती एकमेकांना सारखी कळवत असतात. वाद घालतात, एकमेकांची चूक दाखवतात, पुन्हा नवं लिहितात. मला हे सगळं आत्ता आत्ता कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. मुरुडच्या बाजारात काही जण मला लांबून बघून गल्ली बदलतात, असा मला संशय आहे. बदलू देत.

माझी मुरुडात वृत्तपत्रांची एजन्सी आहे. पहाटे अलिबागकडून रेवदंड्याच्या पुलावरून गाडी येते, गठ्ठे उतरतात, आम्ही बसून पुरवण्या घालतो, पोरं आपापल्या लाइनीला निघतात. शिवाय मी वार्ताहरही आहे. म्हणजे नगरपरिषदेची सभा, राजपुरीच्या जेट्टीवरची पर्यटकांची गर्दी, फणसाडच्या जंगलातून वस्तीत आलेलं जनावर, हे सगळं मी कळवतो. आणि दिवाळी आली, किंवा एखाद्या नेत्याचा वाढदिवस आला, की शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करत फिरणाराही मीच. या धंद्यात इतकी वर्षं गेली, पण त्याचा कुणी अभ्यास करत असेल हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. पुढारी आमच्याकडे बघतात ते बातमीपुरतं आणि मालक बघतात ते वसुलीपुरतं!

हे दार उघडलं माझ्या भाचीनं. ती पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकते. गणपतीत आली होती. मी ओटीवर बसून बिलं लिहीत होतो. ती म्हणाली, "मामा, तू आमच्या अभ्यासात आहेस." मला वाटलं थट्टा करतेय. तर तिनं पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं.

पुस्तक होतं सेवंती निनान यांचं, 'हेडलाइन्स फ्रॉम द हार्टलँड', २००७ सालचं. या बाई हिंदी मुलखात फिरल्या, छोट्या गावांतून फिरल्या आणि मोठी हिंदी वृत्तपत्रं जिल्ह्यात, तालुक्यात, खेड्यात कशी उतरली ते त्यांनी लिहिलं. त्यात तो माणूस आहे. बातमी पाठवणारा, अंक विकणारा आणि जाहिरात आणणारा, तिन्ही एकच! मी वाचतच राहिलो. इंग्रजी जड होतं, भाचीला विचारत विचारत वाचलं, पण सोडवेना. कारण बाईंनी नुसतं वर्णन करून सोडलेलं नाही. बातमी लिहिणारा हात आणि जाहिरातीची पावती फाडणारा हात एकच असला, तर त्या बातमीचं काय होतं? हा प्रश्न आम्ही तालुक्याचे वार्ताहर पत्रकार दिनाला चहा पिताना दबक्या आवाजात बोलतो आणि कप खाली ठेवला की विसरतो. इथे तो छापलेला होता, पुठ्ठ्याच्या बांधणीत. मध्य प्रदेशातल्या, छत्तीसगडमधल्या त्या अनोळखी गड्यांची मला एकदम ओळख पटली. त्यांनाही महिन्याच्या मानधनात पेट्रोल भागत नसणार!

मग काय, भूक लागली. "आणखी काय आहे?" हा एकच प्रश्न मी भाचीच्या मागे लावला. ती परत गेली तरी फोनवर तोच प्रश्न.

तिनं रॉबिन जेफ्री यांचं नाव सांगितलं. माणूस मूळचा कॅनडाचा, राहिला ऑस्ट्रेलियात आणि वर्षानुवर्षं लागला भारतीय भाषांतल्या वृत्तपत्रांमागे. १९९७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांनी एकेका भाषेच्या वृत्तपत्रसृष्टीवर लेख लिहिले आणि त्यातल्या मराठीवरच्या लेखाचं शीर्षक काय, तर मोठी वृत्तपत्रं म्हणजे हत्ती! मी खो खो हसलो. पुढे २००० साली त्यांचं 'इंडियाज न्यूजपेपर रेव्होल्यूशन' आलं. आणीबाणी उठल्यानंतर, १९७७ पासून, देशी भाषांचे पेपर एवढे का फुगले? साक्षरता वाढली, लोकांच्या हातात थोडा पैसा आला, राजकारण तापलं, ऑफसेट छपाई आली आणि जाहिरातदाराला गावातलं गिऱ्हाईक हवंसं वाटू लागलं. हे वाचताना मला आमचे गठ्ठे वर्षागणिक जाड होत गेलेले आठवले. का जाड होतायत हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. बारीक का होत गेले ते मात्र मला कुणी सांगायला नको.

आणि फ्रान्सिस कोडी! हे तमिळनाडूत राहून अभ्यास करणारे. २००९ साली त्यांचा एक निबंध आला आणि त्याचा मोठा भाग चक्क चहाच्या दुकानातल्या पेपरवाचनावर आहे. 'दिन तंती' हा पेपर तिथे टपरीवर मोठ्यानं वाचला जातो, कष्टकरी माणसं ऐकतात, मध्येच टोमणा मारतात, वाद घालतात, तर 'दिनमलर' घरात, शांतपणे, आपापला वाचला जातो. एकाच गावात वाचायच्या दोन रीती आणि त्यातून दोन प्रकारचा समाज दिसतो. मुरुडला एसटी स्टँडसमोर हे रोज घडतं. घरी टाकलेला अंक एका कुटुंबाचा, पण टपरीवर ठेवलेला अंक किती जणांचा हे कुठल्याच खपाच्या आकड्यात येत नाही. कोडी यांचं 'द न्यूज इव्हेंट' हे पुस्तक २०२३ साली आलंय, पुन्हा तमिळ वृत्तपत्रं आणि राजकारण यांवरच. ते माझ्या यादीत पुढचं आहे. भाची म्हणते, आधी 'पीपल्स चॉइस' वाच. ते १९४४ सालचं, पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका जिल्ह्यात १९४० च्या निवडणुकीत लोकांनी मत कसं ठरवलं ते त्यांनी महिनोन् महिने पुन्हा पुन्हा विचारलं. निघालं काय? पेपर आणि रेडिओ थेट सगळ्यांच्या डोक्यात शिरत नाहीत. गावात काही माणसं लक्ष देऊन वाचतात, ऐकतात आणि बाकीचे त्या माणसांचं ऐकतात. म्हणजे आमचे टपरीवरचे निवृत्त मास्तर! ऐंशी वर्षांपूर्वी ओहायोत सापडलेला माणूस आमच्या स्टँडवर रोज सकाळी आठला येऊन बसतो.

पण हे सगळं बाजूला ठेवा. ज्या गोष्टीनं मी खरोखर उडालो ती आता सांगतो.

१९५६ साली आपल्या मराठी खेड्यांत एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं. आकाशवाणीचं पुणे केंद्र तेव्हा अगदी नवं, २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेलं. फेब्रुवारी ते एप्रिल, दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक असे वीस कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी झाले. आता रेडिओवर शेतीचे कार्यक्रम आपण सगळ्यांनीच ऐकलेत. गंमत त्यापुढे आहे. प्रत्येक गावात ठरावीक माणसांचं एक मंडळ केलं होतं. त्यांनी एकत्र बसून ऐकायचं, रेडिओ बंद झाला की लगेच त्यावर चर्चा करायची, काय बोलणं झालं, काय शंका आल्या ते लिहून केंद्राला धाडायचं आणि केंद्र पुढच्या कार्यक्रमात त्या शंकांना उत्तर देणार! सत्तर वर्षांपूर्वी! गावातला माणूस प्रश्न विचारतोय आणि रेडिओ त्याला उत्तर देतोय! आज टीव्हीवर जे आठ जण एकाच वेळी ओरडत असतात, त्यांतला एक तरी आपल्या प्रश्नाला उत्तर देतो का?

यामागे आकाशवाणी आणि युनेस्को होते आणि प्रयोग कितपत जमला हे तपासण्याचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं. त्यांनी तपासलं कसं बघा. मंडळं असलेली काही गावं घेतली, रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली काही गावं घेतली आणि रेडिओच नसलेली काही घेतली. आधी प्रश्न विचारले, नंतर पुन्हा विचारले. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती ठळक वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडला नाही! म्हणजे यंत्र घरात आणून ठेवलं म्हणून माणूस शहाणा होत नाही, ऐकून झाल्यावर शेजाऱ्याशी बोलला तर होतो. हे वाक्य मी मोबाइलच्या दुकानाबाहेर मोठ्या अक्षरात लावावं म्हणतो.

या तपासणीचा अहवाल १९५९ साली पॅरिसहून युनेस्कोनं काढला. लेखक दोन. एक जगदीशचंद्र माथुर, आकाशवाणीचे महासंचालक आणि 'कोणार्क' हे हिंदी नाटक लिहिणारे. दुसरे पॉल नॉयरथ. या नॉयरथांची हकीकत ऐका. व्हिएन्नाचा माणूस. वडील ऑटो नॉयरथ, आकडेवारी छोट्या छोट्या चित्रांतून दाखवायची पद्धत काढणारे. मुलाला नाझींनी १९३८ साली पकडलं, डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत ठेवलं. सुटला, अमेरिकेत पोचला, मघाशी सांगितलेल्या लाझार्सफेल्डांकडे शिकला आणि ज्या छावण्यांतून जिवंत बाहेर पडला त्याच छावण्यांतल्या समाजजीवनावर त्यानं प्रबंध लिहिला. असा माणूस १९५० च्या दशकात मुंबईत पाहुणा प्राध्यापक म्हणून येतो आणि आपल्या खेड्यातले शेतकरी रेडिओ ऐकून एकमेकांशी काय बोलतात हे मन लावून मोजतो! व्हिएन्ना, न्यूयॉर्क, आणि मग नगर-नाशिकची खेडी. मला त्या रात्री झोप लागली नाही, हे अगदी खरं सांगतो. आमचा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा त्या पाचांत नव्हता, याचा थोडा रागही आला. बोटीनं आले असते तर आले असते की!

आणि हा अहवाल युनेस्कोनं सगळ्यांसाठी फुकट खुला ठेवलाय. फोनवर उतरवून घेता येतो. मी घेतलाय.

आता मासळीचं सांगतो, कारण मुरुडचा माणूस मासळीवर आल्याशिवाय राहत नाही. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा २००७ सालचा निबंध आहे, केरळच्या किनाऱ्यावरचा. १९९७ ते २००१ या काळात तिथे टप्प्याटप्प्यानं मोबाइलचे मनोरे उभे राहिले, त्याआधी आणि त्यानंतर तारलीचे भाव काय होते ते त्यांनी आठवड्याला टिपलं. एक दिवस तर असा, १४ जानेवारी १९९७, की एका बंदरावर ११ मच्छीमार गिऱ्हाईक नाही म्हणून माल टाकून द्यायच्या बेतात, आणि पंधरा किलोमीटरच्या आत शेजारच्या बाजारांत २७ गिऱ्हाइकं मासळी नाही म्हणून हात हलवत निघालेली! फोन आले आणि हे थांबलं. आधी रोजच्या मालातला पाच ते आठ टक्के वाया जायचा, तो थांबला. मच्छीमाराचा नफा सरासरी आठ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासळी चार टक्के स्वस्त मिळाली. दोघांचा फायदा! हा निबंध जगभर गाजला.

मी तो धावत जाऊन एकदऱ्याच्या एका कोळीणताईंना सांगितला. त्या मुरुडच्या बाजारात बसतात, आमच्या घरी त्यांच्याचकडची मासळी येते. त्यांनी बोंबील निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, भाव फोनवर कळला म्हणून काय झालं? डिझेलला, जाळ्याला ज्याच्याकडून उचल घेतली, माल त्यालाच घालायचा. दुसरीकडे जास्त मिळतोय म्हणून बोट फिरवली, तर पुढच्या हंगामात दारात कोण उभं करेल?"

मी हिरमुसलो. भाचीला कळवलं. आणि ती काय सांगते? हेच म्हणणारा निबंध आहे! २०१३ साली जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल या दोघी पुन्हा केरळच्या मच्छीमारांकडे गेल्या आणि त्यांनी दाखवलं, की मच्छीमार नुसता भाव बघून बंदर निवडत नाही. उधारी, लिलाव करणाऱ्याशी असलेलं जुनं नातं, हे सगळं त्यात असतं. आमच्या ताई आणि त्या दोन विदुषी एकमेकींना न भेटता एकच बोलल्या! मी पुन्हा धावत बाजारात. "ताई, तुमचं म्हणणं छापून आलंय!" त्या म्हणाल्या, "मग त्यांना म्हणावं, वादळाच्या दिवसांतलं पण लिहा." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

माध्यमांच्या अशा अभ्यासकांची एक मोठी संघटना आहे, इंग्रजीत तिची आद्याक्षरं आयएएमसीआर. १९५७ साली पॅरिसला, युनेस्कोच्याच पुढाकारानं स्थापन झाली. दर वर्षी परिषद भरते. १९८६ साली ती दिल्लीला भरली होती, २०१४ साली हैदराबादला. हैदराबाद विद्यापीठात विनोद पावराला आणि कांचन मलिक यांनी सामुदायिक रेडिओचा अभ्यास केला. त्यांचं 'अदर व्हॉइसेस' २००७ सालचं, आणि आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी चालते तो याच जातीचा रेडिओ. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या प्रकाशनानं श्रीराम वेंकटरामन यांचं दक्षिण भारतातल्या समाजमाध्यमांवरचं पुस्तक २०१७ साली काढलं, तेही फुकट.

तक्रारी नाहीत असं नाही. काही पुस्तकांच्या किमती बघून मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, शून्य जास्त पडलं की काय म्हणून. काहींची वाक्यं अशी, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरावी. आणि ज्यांच्यावर लिहिलं त्या लोकांच्या भाषेत त्यातलं जवळजवळ काहीच येत नाही, हे मला मुळीच पटत नाही. दीडशे मराठी गावांवरचा अहवाल मराठी शेतकऱ्याच्या नातवाला इंग्रजीत वाचावा लागतो! कुणीतरी मराठी प्रकाशकानं हे मनावर घ्या. पन्नास-साठ पानांची पुस्तिका काढा, मी माझ्या स्टॉलवर पुढच्या रांगेत ठेवीन.

आणि आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? 'प्रभाकर' काढणारे भाऊ महाजन पेणचे. १८४१ सालचं ते साप्ताहिक, लोकहितवादींची शतपत्रं त्यातच आली. महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ ला सत्याग्रह झाला आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, बाबासाहेबांचं 'बहिष्कृत भारत' निघालं. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चालला आणि त्या धामधुमीतच १९३७ साली नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' सुरू केला. एक वर्तमानपत्र संपातून जन्माला येतं आणि आजही माझ्या गठ्ठ्यात येतं. हे मी रोज हातात धरत होतो!

शिवाय ताई म्हणाल्या ते वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे, नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट, फोन मुके. तेव्हा बातमी माणसाच्या पायांनी फिरली. कोण सुखरूप, कुठला रस्ता मोकळा झाला, पिण्याचं पाणी कुठे मिळतंय, हे माणसं चालत जाऊन एकमेकांना सांगत होती. खोट्या गोष्टीही तशाच फिरल्या. ज्यांनी त्या दिवसांत निरोप पोचवले ती माणसं गावात आहेत, त्यांना अजून सगळं आठवतंय. त्यांच्याशी बसून बोलायला आणि लिहून घ्यायला कुणीतरी यायला हवं.

तेव्हा पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींनो, प्रबंधाला विषय नाही म्हणून रडू नका. मुरुडला या, राजपुरीला या, एकदऱ्याला या. राहण्याची सोय मी बघतो. आणि रायगडकरांनो, तुमच्या माळ्यावर जुन्या स्थानिक पेपरांचे अंक असतील, पोस्टातून काढलेली रेडिओच्या परवान्याची पुस्तकं असतील, आजोबांनी संपादकाला लिहिलेल्या पत्रांच्या नकला असतील, तर त्या रद्दीवाल्याला देण्याआधी आपल्या गावच्या वाचनालयात दाखवा. वाचनालयानं नाही घेतल्या, तर मला आणून द्या. रद्दीच्या भावापेक्षा किलोमागे दोन रुपये जास्त देईन.